दप्तरातील पाण्याची बाटली

वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी झालेले मूल जूनमध्ये वडूजच्या हायस्कुलात जाऊ लागते. खटाव तालुक्यातील अनेक घरांत आईवडील गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यात किंवा कामासाठी मुंबईत असतात. अशा वेळी मुलाचे सारे आजी-आजोबांनाच पाहावे लागते.

अभ्यास झेपेल का, ही चिंता सर्वांनाच असते. मला मात्र अधिक बोलकी वाटते ती संध्याकाळी परत आलेली पाण्याची बाटली. ती भरलेलीच असेल, तर अनोळखी स्वच्छतागृह टाळण्यासाठी मूल बहुधा तहान मारत असते. मुलींमध्ये हे विशेष आढळते. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी संभवते. दरडावून उपयोग नाही. शाळा भरण्यापूर्वी एकदा नातवंडासोबत एसटीने जाऊन थांबा, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह दाखवून आणावे. आजीला तिकीट अर्धे, पंचाहत्तरी उलटलेल्या आजोबांना तर तेही नाही. पाचवीतल्या नातीला पास मोफत!

शाळेच्या दिवशी सकाळी दुखणारे आणि रविवारी थांबणारे पोट हे ढोंग समजू नये. भीतीनेही पोट खरोखरच दुखते. परंतु दुखण्याने रात्री जाग येत असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी विनाविलंब करावी.

या वयात किमान नऊ तास झोप हवी. दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असल्यास ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.