बातमीसाठी जमवलेली चरित्रे

अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांच्या अभिलेखागारात वृत्त कार्यालयाकडून आलेला चरित्रविषयक फायलींचा संग्रह असतो. आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली फोल्डरे, आणि त्यांत अध्यक्ष, प्राध्यापक, विश्वस्त, फुटबॉलचे प्रशिक्षक, नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी. या फायली इतिहासकारांसाठी तयार झाल्या नव्हत्या. वार्ताहराचा फोन आला की लगेच माहिती देता यावी, एवढाच त्यांचा मूळ उद्देश.

अशी कार्यालये विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइज यांच्या काळात, 1904 मध्ये, विलार्ड ब्लेयर यांनी प्रसिद्धी विभाग सुरू केला. ब्लेयर मूळचे इंग्रजीचे अध्यापक. पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण रुजवणाऱ्यांत पुढे त्यांचे नाव झाले. मॅडिसन इथल्या या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत काय चालले आहे, हे त्यांचे कार्यालय राज्यभरच्या लहानमोठ्या वृत्तपत्रांना कळवू लागले. कारण उघड होते. विद्यापीठ राज्याच्या पैशावर चाले आणि तो पैसा विधिमंडळ मंजूर करी. गावोगावच्या शेतकऱ्याला विद्यापीठ आपले वाटणे म्हणूनच गरजेचे होते. 1917 पर्यंत अशा कार्यालयांची स्वतंत्र संघटनाही झाली.

फायलीचा पाया म्हणजे छापील फॉर्म. नवा प्राध्यापक रुजू झाला की तो भरून देई: जन्मतारीख, जन्मगाव, पदव्या, ग्रंथ, सन्मान, कुटुंब, छंद. जन्मगावाला विशेष महत्त्व असे, कारण नेमणुकीची बातमी त्या गावच्या वृत्तपत्राकडे धाडली की ती छापून येण्याची शक्यता दांडगी. फॉर्ममागे हळूहळू इतर कागद साचत: प्रसिद्धीपत्रके, वृत्तपत्रांची कात्रणे, चकचकीत कागदावरची छायाचित्रे, भाषणांच्या प्रती. बढती मिळाली, पुरस्कार मिळाला की जुन्या मजकुरावर पेनाने दुरुस्ती होई. नामांकित ज्येष्ठांचा मृत्युलेख आधीच टंकलिखित करून ठेवणे हा व्यवहाराचा भाग होता; त्यात तारीख तेवढी भरायची बाकी असे. ऐकायला हे निष्ठुर वाटते, पण वृत्तपत्रांची वेळ कोणासाठी थांबत नाही.

फॉर्मवरची माहिती मात्र त्या व्यक्तीने स्वतः दिलेली असते, आणि सहसा कोणी ती पडताळून पाहिलेली नसते. हरगोविंद खुराना यांचे उदाहरण बोलके आहे. विस्कॉन्सिनमध्ये काम करीत असताना 1968 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना रॉबर्ट हॉली व मार्शल निरेनबर्ग यांच्यासह मिळाले. त्यांचा जन्म पंजाबातल्या रायपूर या खेड्यातला, आणि कागदोपत्री तारीख 9 जानेवारी 1922. ती नेमकी खरी असेल असे नाही, हे त्यांच्या नोबेल चरित्रातच नोंदलेले आहे. फॉर्मची चौकट म्हणते तारीख हवी, म्हणून तारीख लिहिली जाते. पुढे तीच प्रसिद्धीपत्रकातून वृत्तपत्रात आणि वृत्तपत्रातून कोशात जाते.

फायलीची जाडी विद्वत्तेवर ठरत नाही, मागणीवर ठरते. यशस्वी फुटबॉल प्रशिक्षकाची कात्रणे अनेक फोल्डरांतही मावत नाहीत. चाळीस वर्षे ग्रंथसूची घडवणाऱ्या ग्रंथपाल बाईंच्या नावावर एखादा फॉर्म आणि निवृत्तीचे चार ओळींचे पत्रक निघते. स्वयंपाकी, सफाई कामगार बहुधा नसतातच. वादही पातळ होऊन येतात: राजीनाम्यामागचे भांडण पत्रकात नसते, ते दिसलेच तर बाहेरच्या वृत्तपत्राच्या कात्रणात. म्हणून ती कात्रणे जपणारा कारकून नकळत विद्यापीठाच्या अधिकृत आवाजाला उतारा देऊन ठेवतो.

अभिलेखागारात आल्यावर या कागदांची निगा सुरू होते. वृत्तपत्री कागदातल्या लिग्निनमुळे कात्रणे पिवळी पडून चुरतात आणि शेजारच्या कागदालाही डागाळतात. त्यामुळे त्यांच्या प्रती आम्लविरहित कागदावर काढतात, गंजलेल्या टाचण्या काढून टाकतात, छायाचित्रे वेगळ्या पाकिटांत ठेवतात. गोपनीयतेचा प्रश्न त्याहून नाजूक. कर्मचाऱ्याची सेवापुस्तिका वेगळी असते आणि ती सहसा बंद राहते. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना 1974 च्या संघीय कायद्याचे संरक्षण आहे. वृत्त कार्यालयाची फाइल प्रसिद्धीसाठीच बनलेली, म्हणून ती तुलनेने मोकळी. तरीही जुन्या फॉर्मवर घरचा पत्ता, कधी सोशल सिक्युरिटी क्रमांकही सापडतो. तो झाकूनच कागद वाचकासमोर येतो.

संकेतस्थळे आल्यावर या फायलींत भर पडणे मंदावले. प्राध्यापकाची माहिती आता त्याच्या वेबपानावर असते आणि ती बदलली की जुनी पुसली जाते. कागदी फोल्डरात 1935 चा फॉर्म 1950 च्या फॉर्मखाली तसाच पडून राही. माणसाने स्वतःची ओळख कशी बदलत नेली, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येई. काही अभिलेखागारे आता विद्यापीठाची वेबपाने ठरावीक काळाने टिपून ठेवतात. दोन टिपणांच्या मधले बदल मात्र त्यांत सापडत नाहीत.