शिरोरेषा कुठे तुटते?

१८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. गोळी आणि छापखान्याचा खिळा या दोन्हींच्या मुळाशी शिसेच. बंदुकीची गोळी जुन्या काळी दोन भागांच्या साच्यात ओतत आणि खिळ्यासाठीही दोन भागांचाच साचा लागे. तो नीट मिटला नाही, की फटीत शिसे शिरून कडेला पापुद्रा येतो. गोळीचा पापुद्रा सुरीने छाटता येतो. खिळ्याचे मात्र तसे नाही. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या फटीला जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

पुण्यात छपाईचा विचार फार आधी झाला होता. नाना फडणविसांच्या काळात इंग्रज वकील मॅलेट यांच्याकडच्या कारागिरांमुळे इथल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरण्याची कला साधली. त्याने गीता कोरायला घेतली. नाना १८०० साली गेले आणि पुढे १८०५ मध्ये ती गीता मिरजेत छापली गेली. पत्र्यावरचे पान मात्र दुसऱ्या मजकुराला निरुपयोगी. खिळा सुटा, म्हणून पुन्हा पुन्हा जुळवता येतो. या सुटेपणाचा सगळा भार साच्यावर पडतो.

हातसाच्याचे दोन्ही भाग एकमेकांवर सरकतात. तळाशी अक्षराचा ठसा उमटवलेली तांब्याची मातृका बसते आणि स्प्रिंग तिला दाबून धरते. बाहेरून लाकडी आवरण असते, नाहीतर साचा हातात धरवणार नाही. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळले, की रस त्याहून कमी उष्णतेला पातळ होतो आणि थंड झाल्यावर खिळा कठीण बनतो. ओतारी पळीने रस ओतून साच्याला लगेच झटका देतो, म्हणजे रस अक्षराच्या बारीक कोपऱ्यापर्यंत जातो.

साचा मिटेनासा होतो तेव्हा दोष बहुधा किरकोळच असतो. मिटणाऱ्या पृष्ठावर शिशाचा थेंब थिजलेला असतो, गंज चढलेला असतो, साचा पडून कोपरा उचललेला असतो किंवा एखादा स्क्रू इतका आवळलेला असतो की दोन भागांना आपसूक बसायला वावच उरत नाही. घाईत कानस घेणे हा सर्वांत वाईट उपाय. आधी साचा गरम करून चिकटलेले शिसे लाकडाच्या काडीने काढायचे. मग साचा मिटून उजेडासमोर धरायचा. फट असेल तिथून प्रकाश येतो. एका पृष्ठाला निळा रंग पुसट लावून दोन्ही भाग दाबले, की उंचवटे दुसऱ्या पृष्ठावर उमटतात. तेवढेच उंचवटे खरवडायचे, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा पाहायचे. खोलगट झिजलेल्या पृष्ठावर हा उपाय चालत नाही. तिथे भागच बदलावा लागतो.

एवढी काळजी कशासाठी? प्रत्येक खिळा फक्त ०.०५ मिलिमीटरने जास्त जाड निघाला, तर ४० खिळ्यांची ओळ २ मिलिमीटरने वाढते. रोमन लिपीत अक्षरांमध्ये मुळातच मोकळी जागा असते, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. आपल्याकडे एका खिळ्याची शिरोरेषा पुढच्याला भिडावी लागते. मध्ये पापुद्रा आला, की रेषा तुटलीच! डिग्री पद्धतीत तर अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांवर असतात. तिथे चूक आडवीही पडते आणि उभीही. राणोजी रावजी आरू यांनी निर्णयसागरासाठी कोरलेल्या अक्षरांचे कौतुक रास्तच आहे. पण पानावर शिरोरेषा सलग दिसते त्यात साचा राखणाऱ्याचाही तितकाच वाटा आहे, आणि त्याचे नाव कुठे येत नाही.

टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या १९०पर्यंत खाली आणण्याचा खटाटोप केला. तो नेहमी लिपिसुधारणेच्या प्रकरणात सांगितला जातो. माझ्या मते तो ओतकामाच्या प्रकरणातही यायला हवा. खिळ्याचा प्रत्येक नवा प्रकार म्हणजे आणखी एक मातृका, ती साच्यात बिनचूक बसवणे आणि फट पुन्हा तपासणे. खिळे कमी केले, की जुळाऱ्याच्या हाताबरोबर ओताऱ्याच्या हातालाही उसंत मिळत होती.