माठातला वाळा, बांधावरचा वाळा

मार्च उजाडला की काष्ठौषधींच्या दुकानांत वाळ्याच्या जुड्या दिसू लागतात. पिवळट-तांबूस, चिवट, गुंतलेली मुळं. कोरडी असताना वास जेमतेम. पाण्याचा शिपका बसला की ओल्या मातीचा, किंचित लाकडाचा असा खोल गंध उसळतो. माठात टाकायची जुडी, खिडकीला पडदे, विदर्भातल्या उन्हाळ्यात दाराला लावून भिजवायच्या ताट्या आणि पाहुण्यांपुढे सरबत. (सरबताचा तो हिरवागार रंग वाळ्याचा नव्हे, तो वरून घातलेला असतो.) वाळ्याशी आपला परिचय एवढाच, आणि तो सगळा उपटलेल्या मुळाशी. पुरुषभर उंचीचं, बिनवासाच्या पात्यांचं ते गवत शेतात उभं असलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल. माझ्या मते त्याचं मोठं मोल तिथे, जमिनीत असतानाच आहे.

औषध म्हणून त्याचा मान जुना. आयुर्वेदातलं उशीर ते हेच. तापात तहान भागत नसेल तर द्यायच्या षडंगपानीयात नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुंठ यांच्या बरोबरीने वाळा असतो. उशीरासव तर आजही वैद्यांच्या कपाटात आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतल’च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमवायला वाळ्याचाच लेप नेला जातो. अलीकडे अमेरिकेत लुईझियाना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांना वाळ्याचं तेल वाळवीला दूर ठेवतं असं आढळलं. जंतूंवरही त्याचा परिणाम प्रयोगशाळांत दिसला आहे. पण परीक्षानळीत जंतू मरणं वेगळं आणि रोगी बरा होणं वेगळं. माणसांवरच्या चाचण्या अजून थोड्या आहेत. दाह, तहान, घामोळं यांसाठी वाळा जरूर वापरावा. प्रत्येक दुखण्यावरचा उतारा म्हणून तो विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

हे सगळं मिळवायचं तर मूळ खणावं लागतं. कनौजला तांब्याच्या देगेत ही मुळं तासन्‌तास शिजवून ‘रूह खस’ काढतात. तांब्यामुळे त्या अर्काला हिरवट झाक येते. जगातल्या अत्तरांना लागणारं वाळ्याचं तेल मोठ्या प्रमाणावर हैतीच्या दक्षिण भागातून, ले काय शहराच्या परिसरातून येतं. तिथला गरीब शेतकरी पैशाची नड लागली की मूळ पुरतं तयार होण्याआधीच उतार खणून काढतो, आणि भुसभुशीत झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. माती धरून ठेवण्यात ज्याचा हात धरणारं गवत सापडणं कठीण, त्याच्याच पिकामुळे माती जाते, ही मला या व्यवहारातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

माती धरण्याचं हे काम आपल्याकडे शेतकऱ्यांनीच आधी ओळखलं होतं. कर्नाटकातल्या गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा राखला आहे. कृषितज्ज्ञ जॉन ग्रीनफिल्ड यांनी १९५०च्या दशकात फिजीतल्या उसाच्या शेतांत त्याचा उपयोग केला होता. पुढे जागतिक बँकेत असताना त्यांनी आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी भारतात त्याचा पाठपुरावा केला. १९८७ मध्ये निघालेली त्यांची छोटी हिरवी पुस्तिका देशोदेशी गेली. १९९०च्या सुमारास अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही मृद्‌ व जलसंधारणासाठी वाळ्यावर काम झालं.

लावणी अवघड नाही, पण ढिसाळपणा चालत नाही. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचं बेणं करायचं, पाती वीतभर ठेवून छाटायची आणि पावसाच्या सुरुवातीला समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटीमीटर अंतराने लावायचं. नांगे लगेच भरायचे, कारण एक जरी जागा मोकळी राहिली तर पाणी नेमकं तिथूनच ओघळ पाडतं. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ठोंबांची रांग मिळून येते. मग वरून आलेलं गढूळ पाणी तिच्याशी अडतं, पसरतं, गाळून पुढे जातं. गाळ मागे बसतो. गाळात गाडल्या गेलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि ठोंब गाळाबरोबर वर चढतो. असा बांध यंत्राविना, आपोआप उंच होत जातो. मुळं चांगल्या मातीत तीन-चार मीटरपर्यंत सरळ खाली जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाला त्रास फारसा नाही. दक्षिण भारतातल्या लागवडीच्या वाणांचं बी रुजत नाही, म्हणून तण होऊन पसरण्याचंही भय नाही.

उतारांवर या मुळांची ताकद कामी येते. मलेशियात मोजलेली त्यांची सरासरी ताणशक्ती सुमारे ७५ मेगापास्कल भरली, म्हणजे साध्या पोलादाच्या जवळजवळ एक षष्ठांश. रस्त्याकडेची कापलेली दरड, तळ्याचा काठ, कालव्याचा भराव इथे वाळा लावावा. पण माळीण आणि इर्शाळवाडी ही गावं दरडीखाली गाडली गेल्यानंतर त्याच्याकडून कुणी भलती आशा धरू नये. तो वरचा मीटर-दोन मीटरचा थर धरतो; खोलवरून डोंगरच सुटला तर गवताचा इलाज नाही.

सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद वाळा भराभर शोषतो. ऑस्ट्रेलियात संशोधक पॉल ट्रुओंग यांनी खाणींच्या आणि कचरा डेपोंच्या विषारी जमिनींवर त्याची ताकद दाखवून दिली. आर्सेनिक, कॅडमियम अशा धातूंचा बराचसा भाग पात्यांत न चढता मुळांतच अडकतो. पण आपण औषधाला वापरतो ते नेमकं मूळच! आयुर्वेदिक औषधांत शिशाची मर्यादा १० पीपीएम, आर्सेनिकची ३ आणि कॅडमियमची ०.३ आहे, पण माठासाठी सुटी जुडी घेताना हे धातू कुणी मोजून देत नाही. म्हणून नाल्याकाठी किंवा कचरा डेपोवर लावलेल्या वाळ्याची पाती छपराला न्यावीत, मूळ मात्र बाजारात येता कामा नये, आणि जुडी घेताना दुकानदाराला ती कुठल्या शेतातली हे विचारायला हवं.