रोजच्या कटकटींचा ताण

आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने वर्ध्याला कॉलेजात येणारी मुलेमुली मी अनेक वर्षे पाहतो आहे. ‘कसला ताण आहे?’ असे विचारले, तर ती सहसा मोठे संकट सांगत नाहीत. बस चुकली, पहिला तास बुडाला. इंग्रजीतले शिकवणे डोक्यावरून गेले. शिष्यवृत्ती जमा झाली नाही. घरी कापसाचे चुकारे अडलेत. मोठ्यांना या गोष्टी किरकोळ वाटतात.

त्या किरकोळ नाहीत. रिचर्ड लाझारस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८१ साली मध्यमवयीन स्त्रीपुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनाच्या तक्रारींचा संबंध आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींशी अधिक घट्ट असल्याचे त्यात दिसले. मोठ्या दुःखात माणसे धावून येतात. रोजची कटकट मात्र ज्याची त्यालाच सोसावी लागते.

मग करायचे काय? लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात दोन वाटा सांगितल्या. जे बदलता येते, त्यावर उपाय करायचा. जे बदलत नाही, तिथे मन सावरायचे. मी विद्यार्थ्यांना वहीच्या पानावर दोन रकाने पाडायला सांगतो. न समजलेला धडा पहिल्या रकान्यात. तो आजच मित्राकडून समजून घ्यावा. कापसाचा भाव दुसऱ्या रकान्यात. रात्र जागून तो वाढत नाही.

मन सावरायला शरीराची मदत लागते. पुरेशी झोप, वेळेवर जेवण, थोडे चालणे आणि बोलायला माणूस, एवढे तरी हवेच. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांचे पहिले शिबिर गांधीजींच्या आश्रमात होते. तिथे पहाटे उठणे, सफाई, सूतकताई, प्रार्थना असा दिनक्रम असतो. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे तिथली काही कुटुंबे सोपवली जातात. हे ताणावरचे औषध म्हणून आखलेले नाही. पण हातांना काम आणि मनाला माणसे मिळाली, की एकटेपणाला जागा कमी उरते, असे मला वाटते. घरापासून दूर खोली करून राहणाऱ्या मुलांनीही निदान एक वेळचे जेवण चौघांत बसून घ्यावे.

तरीही झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, पुस्तक उघडवेना आणि असे दोन आठवडे चालले, तर तो रोजचा ताण राहिलेला नसतो. डॉक्टरांकडे जायला हवे. जगणे नकोसे वाटू लागले, तर दोन आठवडे थांबूच नये. लगेच कुणाला तरी सांगावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

पालकांना एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी बोलू लागली, की ‘आमच्या वेळी’ हे शब्द जरा बाजूला ठेवा. आधी पूर्ण ऐकून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)