डब्याची मागची बाजू

दसऱ्याला तिकडे गाड्यांना झेंडूचे हार पडतात, आणि त्याच सुमारास आमच्या मिनेसोटात मोटारसायकली झाकून ठेवायची वेळ येते. मंडळातल्या काही जणांनी हौसेनं मोटारसायकली घेतल्यात. आमच्या घरीही एक रॉयल एनफिल्ड आहे. हिवाळ्यासाठी गाडी आत घेण्याआधी ऑइल बदलायचं असतं, त्यामुळे फराळाला जमल्यावर चकली मोडता मोडता "तू कुठलं ऑइल घालतोस?" हा प्रश्न हमखास निघतो. अशा वेळी बायकांनी उठून स्वयंपाकघरात जायचं असा एक अलिखित नियम आहे. मी उठत नाही. हा विषय मला साताऱ्यानं शिकवला.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. त्यांची स्प्लेंडर बारा वर्षांची. मागे आईला बसवून यवतेश्वरच्या घाटानं वर नातेवाइकांकडे जाणं हा दोघांचा ठरलेला कार्यक्रम. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "घाटात मला उतरून चालावं लागलं गं." बाबांनी विषय टाळायचा प्रयत्न केला, मग सांगितलं, "गाडी ओरडते नुसती, चढत नाही." अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढायचा, पण वेग नाही. मागे कासला निघालेल्या गाड्यांची रांग, एका बाजूला दरी, आणि आई कडेकडेनं चालतेय. इथे बसून ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

मेकॅनिकनं क्लच प्लेटा गेल्या असं सांगितलं होतं. बाबा गाडी काढून टाकायच्या गोष्टी करायला लागले. मी विचारलं, "बाबा, एवढ्यात गाडीचं काही काम केलंत का?" तेव्हा कळलं की चुलतभावानं ऑइल बदलून दिलं होतं. त्याच्या कारमध्ये भरून उरलेलं, लिटरभर, महागाचं फुल सिंथेटिक. "ताई, काकांच्या गाडीला भारीतलं घातलं," असं तो अभिमानानं म्हणाला. त्यात त्याचं प्रेमच होतं. मी म्हटलं, "तो डबा कॅमेऱ्यासमोर धर. पुढची बाजू नको, मागची."

दहा वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे कुठलाही छापील मजकूर शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे. नवऱ्यासाठी ऑइल आणायला गेले असताना दुकानातले डबे मी असेच वाचून काढले होते. भावाच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० होतं, आणि एपीआयच्या गोल चिन्हात खाली 'रिसोर्स कॉन्झर्व्हिंग' असे शब्द होते. म्हणजे घर्षण कमी करून पेट्रोल वाचवणारं ऑइल. कारला उत्तम. जासो हे अक्षर मात्र डब्यावर कुठेच नव्हतं.

कारचं इंजिनऑइल फक्त इंजिन सांभाळतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि हातानं गिअर टाकायच्या कारचा क्लच कोरडा असतो. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलीत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. पंक्तीत एकच भाजी, मधुमेहवाल्यालाही तीच आणि पैलवानालाही तीच, असा प्रकार! इंजिनाला घसरडेपणा हवा असतो, तर क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. घर्षण कमी करणारी रसायनं जास्त असलेलं ऑइल आत गेलं की प्लेटा घसरू लागतात. सपाट रस्त्यावर ते जाणवतही नाही, पण मागे माणूस बसला आणि चढ लागला की उघडं पडतं.

१९९० च्या दशकात कारची ऑइलं इंधन वाचवण्याच्या दिशेनं बदलत गेली, तेव्हा जपानी मोटारसायकल कंपन्यांना ही अडचण जाणवली. त्यातून १९९८ मध्ये मोटारसायकलच्या ऑइलसाठी जासोचं वेगळं मानक आलं. त्यात ऑइल क्लचच्या प्लेटांवर घालून त्यांची पकड मोजतात. पकड टिकवणारं ते एमए, त्यातही जास्त पकडीचं एमए२, आणि कमी पकडीचं एमबी. बाबांच्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल, जासो एमए असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ती पुस्तिका आईच्या कपाटात, साड्यांखाली सापडली.

भावानं सगळं ऑइल काढून जासो एमएचं घातलं, थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदललं. प्लेटा बदलाव्या लागल्या नाहीत. दरवेळी असं निभावेलच असं नाही, घसरून घसरून प्लेटा जळल्या असतील तर खर्च ठरलेलाच. पण मेकॅनिकनं गाडी उघडण्याआधी आत कुठलं ऑइल आहे हे विचारायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एमबी वाईट का? मुळीच नाही. आईकडे अ‍ॅक्टिव्हा असती तर मी एमबीच घालायला सांगितलं असतं. तिच्यासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये क्लच ऑइलच्या बाहेर, पट्ट्याच्या बाजूला कोरडा असतो, त्यामुळे कमी घर्षणाचा तिथे फायदाच होतो. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या, एवढंच.

आकड्यांबद्दलही बरेच गैरसमज आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १०डब्ल्यू ऑइलमध्ये इंजिन फिरतं का हे उणे २५ अंश सेल्सिअसला तपासतात, १५डब्ल्यूचं उणे २० ला. जानेवारीत इथे तो आकडा खराखुरा अनुभवायला मिळतो, साताऱ्यात नाही. दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा. "आपल्याकडे ऊन फार, जाडच घाला" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. ३० साठी बनवलेल्या छोट्या इंजिनात ५० घातलं तर ते फिरवायलाच जास्त जोर लागतो आणि मायलेज घटतं. उलट आमच्या एनफिल्डच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-५०, एपीआय एसएन, जासो एमए२ आहे, तिथे तेच योग्य. सिंथेटिक की साधं हा प्रश्न त्यानंतरचा. सिंथेटिक घातलं म्हणून क्लच घसरत नाही, एमए नसलेलं घातलं म्हणून घसरतो.

आधीच्या पिढीच्या मनात अजून चेतक आणि येझदी असतात. त्या टू-स्ट्रोक गाड्या ऑइल पेट्रोलबरोबर जाळून टाकायच्या, पंपावर दरवेळी नवं मिसळलं की झालं. आताच्या गाड्यांत तेच ऑइल आतल्या आत फिरत राहतं, मळतं, गिअरच्या दातांत चिरडून पातळ होतं. म्हणून नुसती भर घालून भागत नाही, सगळं बदलावं लागतं.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी जिन्याखाली एक गाडी असते, जी आपण गेलो की तीन आठवडे चालते. ती फिरली नाही तरी ऑइल जुनं होत असतं, थोडं थोडं पाणी धरत असतं. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदला. बॅरलमधलं सुटं ऑइल नको. सीलबंद बाटली समोर फोडायला सांगा आणि रिकामी झाली की तिला भोक पाडा, नाहीतर तीच बाटली भलतंच भरून पुन्हा विकली जाऊ शकते. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर ती खोटं सांगते.

राहता राहिलं काढलेलं काळं ऑइल. इथे ऑटो पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत ते परत घेतात, आम्ही डब्यात भरून नेऊन देतो. साताऱ्यात बाबांनी ते बाटलीत भरून ठेवलंय. वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या दाराला चोपडायचं म्हणतात. आई म्हणते, दोन वर्षं झाली, दार अजून तसंच आहे.