आभासी वास्तवातील मळमळ : कारणे, ओळख आणि प्रशिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

चेन्नई बंदरातून अंदमानकडे निघालेल्या जहाजाला पोहोचण्यास सुमारे अडीच दिवस लागतात. बंगालच्या उपसागरात वारा वाढला की खालच्या मजल्यावरील बंद खोलीत बसलेल्या प्रवाशांना 'बोट लागते'. खोलीच्या भिंती स्थिर दिसत असतात, परंतु शरीर हेलकावे खात असते. अशा प्रवाशास मोकळ्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहण्यास सांगतात आणि बहुधा त्यास आराम पडतो.

त्याच शहरात आयआयटी मद्रास येथे 'एक्सटिक' हे आभासी वास्तव व स्पर्शतंत्रज्ञान या विषयांवर काम करणारे केंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्रात व्हीआर हेडसेट प्रथमच घालणारी व्यक्ती खुर्चीवर निश्चल बसलेली असतानाही तीच तक्रार करू शकते. येथे प्रकार उलटा असतो : डोळ्यांना वेगवान हालचाल दिसते आणि शरीर मात्र जागेवरच असते.

हा विषय आता कृषी विस्ताराच्याही कक्षेत आला आहे. चेन्नई हे शेतीसाठीच्या ड्रोनची निर्मिती व प्रशिक्षण यांचे एक प्रमुख केंद्र आहे. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ड्रोनचालक प्रत्यक्ष उड्डाणापूर्वी सिम्युलेटरवर सराव करतात. संगणकाच्या पडद्यावरील सरावात त्रास तुलनेने कमी होतो. हेडसेट घातल्यावर मात्र त्याचे प्रमाण वाढते. पहिल्याच सत्रात मळमळ झाली तर प्रशिक्षणार्थी 'हे आपल्याला जमणारे नाही' असे समजून मागे हटतो. हा समज चुकीचा आहे.

मळमळ का होते?

अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव हलतो व मेंदूस वळण कळते. शेजारील दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. त्यांमुळे सरळ रेषेतील वेगबदल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. डोळे, अंतःकर्ण आणि स्नायू यांची माहिती एकमेकींशी जुळली म्हणजे तोल राहतो. ती जुळली नाही की गरगरणे, घाम, तोंडास पाणी सुटणे व मळमळ ही लक्षणे दिसू लागतात. ज्यांच्या दोन्ही कानांतील संतुलन अवयव निकामी झालेले असतात, त्यांना सहसा गाडी लागत नाही. म्हणजेच मळमळ हे संतुलन अवयव कार्यक्षम असल्याचे लक्षण आहे.

अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरविषयी 1957 मध्ये प्रथमच अशा त्रासाची नोंद झाली. तेथे शिकाऊ वैमानिकांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांनाच तो अधिक झाला. खऱ्या उड्डाणातील हालचालीची त्यांच्या शरीरास सवय होती आणि नेमकी तीच हालचाल सिम्युलेटरमध्ये नव्हती. अपेक्षा जितकी पक्की, तितकी विसंगती अधिक जाणवते. कुंभार्ली घाटात एस. टी.तील प्रवाशांना गाडी लागते, परंतु चालकास सहसा लागत नाही. पुढचे वळण त्यास आधीच ठाऊक असते.

परंतु तोल बिघडल्यावर उलटीच का व्हावी? 1977 मध्ये मिशेल ट्राइसमन यांनी याचे एक स्पष्टीकरण मांडले. अनेक विषांमुळे प्रथम दृष्टी व तोल यांतील मेळ बिघडतो. त्यामुळे असा मेळ बिघडताच मेंदू 'पोटात विष गेले असावे' असा अर्थ लावून ते बाहेर टाकण्याचा प्रयत्न करतो. ही उपपत्ती सर्वमान्य नाही. तथापि फवारणी करणाऱ्यांच्या दृष्टीने ती एका महत्त्वाच्या धोक्याकडे लक्ष वेधते. त्याचा विचार पुढे केला आहे.

माशीचे उदाहरण

माशी, डास, फळमाशी या द्विपंखी कीटकांत मागील पंखांच्या जागी गदेसारखे दोन लहान अवयव असतात. त्यांना संतुलक म्हणतात. उडताना ते पंखांच्या लयीत कंप पावतात आणि शरीर वळल्याची सूचना देतात. ते काढून टाकल्यास माशीस नीट उडता येत नाही. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी सफरचंदावरील फळमाशीसाठी आभासी वास्तवाची रचना तयार केली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. माशीचे शरीर स्थिर बांधलेले, पंख मोकळे आणि सभोवती झाडांचे त्रिमितीय दृश्य अशी ती मांडणी होती. पंखांच्या हालचालीनुसार दृश्य वळत असे. वारा व गंध यांचीही सोय होती.

यातून प्रशिक्षकांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, दृश्य हे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीस तत्काळ प्रतिसाद देणारे असावे. दुसरी, पडद्याचा वेग पाहणाऱ्याच्या डोळ्यास पुरेसा असावा. माशीचा डोळा सेकंदाला 200 हून अधिक वेळा होणारी उघडझापही ओळखतो, त्यामुळे तिच्यासाठी पडदा अतिशय वेगवान लागतो. माणसासाठी डोके वळणे आणि दृश्य बदलणे यांतील विलंब 20 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दृश्य अडखळत असल्यास त्रास वाढतो. अशा वेळी दोष यंत्राचा असतो.

महिलांना त्रास अधिक होतो काय?

अनेक पाहण्यांत महिलांकडून तक्रारी अधिक आल्या आहेत. परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या के स्टॅनी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात याचे एक मोठे कारण हेडसेटच्या मापात आढळले. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत सरासरी सुमारे 63 मिलिमीटर असते, महिलांत ते थोडे कमी असते. भिंगांतील अंतर त्यानुसार जुळवता न आल्यास डोळ्यांवर ताण येऊन मळमळ होते. म्हणून बचत गटांच्या प्रशिक्षणात एकच हेडसेट सर्वांच्या डोक्यावर चढवण्यापूर्वी प्रत्येकीसाठी हे अंतर जुळवून घ्यावे.

विषबाधेशी गल्लत नको

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत अनेकांचे प्राण गेले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या बाधेची आरंभीची लक्षणे आणि व्हीआरमधील त्रास यांत विलक्षण साम्य आहे : मळमळ, घाम, चक्कर, डोकेदुखी, लाळ सुटणे. सकाळी फवारणी करून दुपारी प्रशिक्षणास आलेल्या व्यक्तीस मळमळ झाली, तर ती हेडसेटमुळे आहे असे गृहीत धरणे जीवावर बेतू शकते.

हेडसेट काढून विश्रांती घेतल्यावर व्हीआरचा त्रास हळूहळू कमी होत जातो. तो कमी न होता वाढत असल्यास, अथवा बाहुल्या अतिशय बारीक होणे, दृष्टी धूसर होणे, स्नायू फडफडणे वा श्वास घेण्यास अडचण यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. कीटकनाशकाचे वेष्टन वा त्यावरील लेबल सोबत ठेवावे.

प्रशिक्षकांसाठी सूचना

1. सत्रापूर्वी विचारावे : आज किंवा काल फवारणी केली आहे काय? केली असल्यास सत्र पुढे ढकलावे.
2. पहिले सत्र 5 ते 10 मिनिटांचे, बसून आणि पंख्याच्या वाऱ्यात घ्यावे. सलग दीर्घ सत्रापेक्षा वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या लहान सत्रांनी शरीरास सवय होते.
3. नियंत्रण प्रशिक्षणार्थीच्या हाती द्यावे. दुसऱ्याने चालवलेले दृश्य नुसते पाहत राहिल्यास त्रास वाढतो.
4. आरंभी स्थिर दृश्ये दाखवावीत. झपाट्याने वळणारी उड्डाणे नंतर घ्यावीत.
5. किंचित अस्वस्थता वाटताच हेडसेट काढावा. 'थोडे सहन करा' असे सांगू नये.
6. सत्रानंतर तोल काही काळ डळमळीत राहू शकतो. पूर्ण बरे वाटेपर्यंत दुचाकी चालवू नये, खरा ड्रोन हाती घेऊ नये.
7. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे झोप येते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या घेऊन सरावास बसू नये.

ज्यास व्हीआर मुळीच मानवत नाही, त्यास साध्या पडद्यावर सराव द्यावा; त्याने कौशल्यात उणीव राहत नाही. शेतावर ड्रोन चालवताना चालक नुसत्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवून उभा असतो. तेथे पायाखाली जमीन असते आणि समोर क्षितिज असते.