तांबी बसवावी की नको?

आजचा विषय थोडा घरगुती आहे. गाडीत मागे सासूबाई बसल्या असतील तर रेडिओचा आवाज कमी करा. किंवा नकाच करू, कारण या विषयातलं त्यांच्या पिढीने आपल्यापेक्षा जास्त सोसलंय. विषय आहे तांबी, म्हणजे कॉपर-टी. इथल्या दवाखान्यात हिलाच कॉइल म्हणतात. मी डॉक्टर नाही, सल्लागार आहे, पण कॉम्प्युटरची. त्यामुळे कुणी काय बसवावं हे मी सांगणार नाही. निर्णय घेताना तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय काय टाकायचं, एवढंच मांडणार आहे.

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो. दोन मुलं झाली, धाकटं आता नर्सरीत जातं. गोळ्या घ्यायचा कंटाळा आला आणि भारतातून आई फोनवर म्हणते, "ऑपरेशन करून टाक एकदाचं." आईचं चुकत नाही, तिच्या आजूबाजूला तेच होत आलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि तांबी वापरणाऱ्या होत्या २.१ टक्के. म्हणजे तांबी हा पर्याय आपल्याकडे कागदावर कायम होता, पण वापरात फारसा आलाच नाही. असं का झालं, याला एक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्या केंब्रिजपर्यंत येतो.

१८९९ साली इथल्या सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे आपल्याला माहीत असतात. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकली आणि १९२९ मध्ये ट्रायपॉस झाली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पुण्यात परतल्यावर १९३८ पासून तिने संततिनियमनाचं काम हाती घेतलं, तेही र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने. कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, म्हणजे मेरी स्टोप्सने लंडनमध्ये दवाखाना उघडला त्याच वर्षी. पुढे शकुंतलाबाई राज्यसभेवर गेल्या आणि त्या तिथे असतानाच, १९६५ मध्ये, भारत सरकारने 'लूप' आणला. प्लॅस्टिकचा, नागमोडी, अमेरिकेतल्या डॉ. लिप्स यांनी तयार केलेला. पहिल्या दोन वर्षांत लाखो बायकांना तो बसवला गेला. लक्ष्य ठरवून, शिबिरं भरवून, बसवणाऱ्याला आणि बसवून घेणारीला पैसे देऊन. नंतरची तपासणी मात्र जवळपास नव्हती. रक्तस्राव झाला तर जायचं कुठे, काढून कोण देणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग अफवा उठल्या, लूप पोटात चढतो, काळजाला जाऊन चिकटतो. काही वर्षांत योजना बसली. मला विचाराल तर लूप पडला तो यंत्रापायी नाही, सेवेपायी. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सिस्टिम चालू करून दिली पण सपोर्ट टीमच नेमली नाही.

आजची तांबी वेगळी आहे. प्लॅस्टिकचा इंग्रजी टी आकाराचा, साधारण तीन सेंटिमीटरचा तुकडा, त्याला गुंडाळलेली तांब्याची तार, खाली दोन बारीक दोरे. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, म्हणजे काम मुख्यतः गर्भधारणेच्या आधीच होतं. प्रकाराप्रमाणे ती पाच किंवा दहा वर्षं टिकते. दुसरा प्रकार हार्मोनवाला. मिरेना हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यात तांबं नसतं, प्रोजेस्टोजेन थोडं थोडं आत सुटत राहतं. गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. मिरेना इथे आता आठ वर्षं चालते, लहान मात्रेच्या काही कॉइल तीन किंवा पाच वर्षं.

आता फायद्याच्या पारड्यातली सगळ्यात वजनदार गोष्ट. जाहिरातीत प्रत्येक साधन नव्व्याण्णव टक्के असतं, पण ते कुणी न चुकता वापरलं तर. माणसं चुकतात. भारताच्या विमानात गोळ्यांचं पाकीट चेक-इन बॅगेत राहतं, मूल रात्रभर तापात असतं, घड्याळ साडेपाच तास पुढे जातं. अशा खऱ्या घरातल्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे नऊ जणींना गोळ्या घेऊनही दिवस जातात आणि निरोधवर विसंबणाऱ्या सुमारे अठरा जणींना. दोन्ही प्रकारच्या कॉइलमध्ये हा आकडा एकापेक्षा कमी आहे, कारण एकदा बसवल्यावर तुमच्या आठवणीवर काहीच अवलंबून राहत नाही. भरवशाच्या बाबतीत ती स्त्रीनसबंदीच्या तोडीची आहे आणि काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. आईच्या 'एकदाचं ऑपरेशन'ला हे सरळ उत्तर आहे.

अजून एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. आदल्या पाच दिवसांत चूक झाली असेल तर फार्मसीतल्या गोळीपेक्षा तांबी जास्त खात्रीची. आणीबाणीचा सगळ्यात परिणामकारक उपाय तोच आहे आणि पुढची काही वर्षंही भागतं.

आता दुसरं पारडं. तांबीमुळे पाळी जड होते, लांबते, दुखते, विशेषतः पहिले काही महिने. पत्रकात हे एका ओळीत उरकलेलं असतं, पण आपल्या बायकांसाठी ती ओळ मोठी आहे. वर सांगितलेल्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. केंब्रिजला आलो म्हणून शरीरातलं लोह आपोआप वाढत नाही, त्यातून घर शाकाहारी असेल तर आणखी लक्ष ठेवावं लागतं. ज्यांची पाळी मुळातच जड आहे त्यांनी जीपीला आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला सांगावं आणि मगच तांबीचा विचार करावा. उलट ज्यांना हार्मोन चालत नाहीत, उदाहरणार्थ स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू असलेल्यांना, त्यांना तांबीच बरी. विल्सन्स डिसीज असेल तर मात्र तांबं नको.

हार्मोनच्या कॉइलचं गणित बरोबर उलटं. पाळी हलकी होते, काहींची थांबतेच. जड पाळीवर उपचार म्हणून इथले डॉक्टर पहिल्यांदा तिचंच नाव घेतात. चाळिशीतल्या मैत्रिणींनो, पुढे रजोनिवृत्तीच्या वेळी एचआरटी घ्यायची वेळ आली तर त्यातल्या प्रोजेस्टोजेनचं कामही मिरेना पाच वर्षं करते. पण पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात, केव्हाही आणि न सांगता. इंग्रज नर्सला ही किरकोळ कटकट वाटते. ज्या घरात अजून पाळी पाळतात, जिथे गौरी बसतात आणि नैवेद्य कोण करणार हे पाळीच्या तारखेवर ठरतं, तिथे ते किरकोळ नसतं. मला स्वतःला हे पाळणं पटत नाही, पण ज्यांना ते पाळावं लागतं त्यांना हा त्रास आधी कळायला हवा. पाळी थांबली की रक्त आत साठतं, ही भीतीही बऱ्याच जणींना असते. तसं नसतं. अस्तर वाढतच नाही, तर बाहेर पडायला काही उरत नाही. काहींना पुरळ येतात, मनःस्थिती बदलते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. वाढ छोटी आहे, पण घरात आई किंवा मावशीला तो झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बसवताना दुखतं का? हो. कुणाला चिमटा काढल्यासारखं, कुणाला कळ असह्य. काम पाचेक मिनिटांचं आहे, पण "थोडं दुखेल, सोसून घ्या" हे ऐकून गप्प बसायची गरज नाही. वेदनेवर काय देणार, भूल देणारा स्प्रे किंवा इंजेक्शन आहे का, हे आधी विचारायचं. वाटेल त्या क्षणी "थांबा" म्हणता येतं. आपल्याला सोसायची सवय लावलेली असते, म्हणून मुद्दाम सांगते.

दुर्मीळ धोके थोडक्यात. वीसातल्या एखादीची कॉइल आपोआप बाहेर येते, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, म्हणून दोरे हाताला लागतात का हे महिन्यातून एकदा पाहायचं. गर्भाशयाला छिद्र पडण्याची शक्यता हजारात एक-दोन, अंगावर पाजणाऱ्या आईला त्याहून जास्त. तेव्हा बाळंतपणानंतर लगेच बसवायची असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. पहिल्या तीन आठवड्यांत जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो. कॉइल असताना दिवस गेलेच, तर गर्भ नळीत राहिलेला असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे पाळी चुकून पोटात दुखलं तर घरी थांबायचं नाही. लैंगिक आजारांपासून कुठलीच कॉइल वाचवत नाही. एवढं वाचून घाबरायला होतं, पण बाळंतपणातल्या धोक्यांची अशीच यादी केली तर ती याहून लांब निघेल.

माझ्या मते तोट्याच्या बाजूचा खरा मुद्दा आणखी एक आहे आणि लूपच्या गोष्टीतून तोच शिकण्यासारखा आहे. गोळी नको झाली तर तुम्ही उद्यापासून बंद करू शकता. कॉइल स्वतः काढायची नसते, त्याला दुसरं कुणीतरी लागतं. म्हणून बसवायच्या आधीच विचारून ठेवा, "मला नको वाटली तर इथे काढून मिळेल का, किती दिवसांत?" कारण सांगायची सक्ती नाही. "अजून सहा महिने बघा" हा सल्ला असतो, हुकूम नसतो.

केंब्रिजमध्ये कॉइल जीपीकडे किंवा आयकॅश या लैंगिक आरोग्य सेवेकडे मिळते. प्रत्येक जीपीकडे बसवणारी प्रशिक्षित व्यक्ती असतेच असं नाही, तेव्हा आधी फोन करा. एनएचएसमध्ये गर्भनिरोधन १९७४ पासून मोफत आहे, व्हिसावर असलात तरी. नवऱ्याची सही लागत नाही आणि घरी कुणाला कळवलं जात नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मागा. नणंदेला किंवा शाळकरी मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका, नेमके महत्त्वाचे प्रश्न तिच्यासमोर विचारले जात नाहीत.

नवरे मंडळी अजून ऐकत असतील, तर तुमच्यासाठीही एक ओळ आहे. मुलं पुरेत हे दोघांचंही पक्कं असेल तर पुरुष नसबंदी इथे जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते. साधारण बारा आठवड्यांनी तपासणीत शुक्रजंतू दिसले नाहीत की अपयशाचं प्रमाण सुमारे दोन हजारांत एक. ती कायमची धरूनच करायची, उलटी शस्त्रक्रिया एनएचएस सहसा करून देत नाही. पण तुलना करायची तर या पर्यायाचा रकाना रिकामा ठेवू नका.

आणि तारखांचं. डिसेंबरात पाच आठवडे भारतात जाणार असाल तर नोव्हेंबरच्या शेवटी कॉइल बसवू नका. बाहेर येण्याची, संसर्गाची, डाग पडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यांतच जास्त असते, आणि तेव्हा तुम्ही ज्यांनी बसवली त्यांच्यापासून साडेचार हजार मैलांवर, लग्नाच्या मांडवात असाल. सप्टेंबरात बसवा किंवा परत आल्यावर. तोवर आहे ते साधन चालू ठेवा, आणि गोळ्या हँडबॅगेत.